एका रुमालात दोन फायली

आमच्या दारावर जप्तीची नोटीस डकवायला जो माणूस आला, त्याने आधी दारावरून हात फिरवला आणि विचारलं, "रंग कंचा दिलाव? ऑइल पेंट हाय का डिस्टेंपर?" आई पदर तोंडाला लावून रडत होती, आप्पा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि हा गृहस्थ रंगाची चौकशी करतोय! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? चिकटवा आणि जा." तो शांतपणे म्हणाला, "तसं न्हाई, अक्का. डिस्टेंपर असंल तर खळ पातळ लावावी लागती. कागद बँकेचा हाय, आज ना उद्या निघंल. रंग तुमचा हाय, त्यो ऱ्हायला पाहिजे."

हे आमचे खळकाका. लातूरच्या एका बँकेत ते दफ्तरी होते, म्हणजे फायली बांधणं, सोडणं, सांभाळणं हे त्यांचं काम. आणि कर्ज थकलेल्यांच्या दारावर नोटिसा डकवण्याचं नकोसं कामही साहेबांनी त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. बाकीच्या बँकांची माणसं चिकटपट्टी किंवा बाजारातला डिंक घेऊन यायची, आणि नोटीस निघाली तरी दारावर चट्टा राहायचा. काका घरून स्टीलच्या डब्यात मैद्याची खळ शिजवून आणायचे. भिंतीवर पोस्टर लावणारे खळीत मोरचूद घालतात, कागदाला कीड लागू नये म्हणून. काकांनी कधी घातला नाही. "आपली नोटीस किड्यानं जितकी लवकर खाल्ली तितकी बरी," म्हणायचे. काकूंचं मात्र कायमचं गाऱ्हाणं होतं की आमच्या घरातला मैदा करंज्यांना कमी आणि लोकांच्या दारांना जास्त लागतो.

नोटीस डकवून झाली की काका त्याच घरात पाणी मागायचे. मला तर हा निर्लज्जपणाचा कळस वाटला होता. पण आईने दिलं, आणि पाणी पिऊन त्यांनी चक्क पायरीवर बैठक मारली. "आप्पांना बोलवा भायेर. म्या वाचून दाखवतो." नोटीस इंग्रजीत होती. काका दहावी नापास. पण तीस वर्षं तोच मजकूर डकवून त्यांना तो पाठ झाला होता. आप्पा आले, खाली मान घालून उभे राहिले. काका म्हणाले, "हे बगा आप्पा, विंग्रजी लई हाय, पर गोष्ट येवढीच हाय. घर अजून तुमचंच हाय, बँकेनं नुसतं बोट ठिवलंय. लिलाव झाला तर मातीमोल जाईल. त्याच्याआधी तुमीच बँकेला इचारून गिऱ्हाईक आणा. कर्ज फिटंल, वर चार पैसे उरतील. भिंतीकडं तोंड करून बसल्यानं भिंत काय वाचत न्हाई." आप्पांना त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. कसनुसंच, पण आलं.

आता आमची ही दशा का झाली ते सांगते. औसा रोडला आप्पांचं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात ते कूलर बनवायचे. लातूरच्या उन्हाळ्यावर आमचं पोट. लागोपाठ दोन वर्षं ऐन एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस झाला. सगळं गाव "काय गारवा सुटलाय!" म्हणून खूश, आणि आमच्या घरात ढग आले की सुतक. दीडशे कूलर शेडमध्ये पडून राहिले. कूलरच्या धंद्याचं कर्ज आप्पांच्या एकट्याच्या नावावर होतं. घराच्या कर्जावर मात्र त्यांच्या जोडीला माझं नाव होतं, कारण मी नुकतीच एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला लागले होते आणि बँकेला दुसरा पगार दाखवायचा होता. कूलरच्या कर्जाशी माझा काडीचा संबंध नव्हता. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला ते किमान दोनशे वेळा म्हणावं लागलं.

काकांचं ऐकून आम्ही गिऱ्हाईक शोधलं. घर विकलं, घराचं कर्ज पैशापैशाने फिटलं आणि बँकेने तसं पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी काका गरम पाण्याची किटली आणि फडकं घेऊन हजर! घर दुसऱ्याचं झालं होतं, आमचं सामान टेम्पोत चढत होतं, तरी त्यांनी दारावर फडकं धरून धरून नोटीस सोडवली, दार पुसून कोरडं केलं. मी म्हटलं, "काका, आता कशाला? नवे मालक काढतील की." तर म्हणाले, "ज्यानं लावली त्यानंच काढावी. दुसऱ्यानं काढली तर ती फाटती, आन् फाटलेली नोटीस लोक जास्त वाचतेत." मग एक वही पुढे केली आणि नोटीस काढल्याबद्दल आप्पांची सही घेतली. बँकेला त्या सहीचं काही काम नव्हतं, ती वही त्यांची स्वतःची होती. दारावरनं निघालेल्या प्रत्येक नोटिशीची नोंद त्यात होती. लावलेल्यांची नव्हती.

कूलरचं कर्ज मात्र उरलंच. शेड गेलं, यंत्रं गेली, तरी फिटेना. शेवटी वकिलांच्या सल्ल्याने आप्पांनी जिल्हा न्यायालयात अर्ज केला आणि न्यायालयाने त्यांना नादार ठरवलं. दिवाळखोर म्हणा, नादार म्हणा, शब्द कुठलाही घेतला तरी घरातल्या माणसाला तो लागतोच. आप्पांनी बाहेर पडणं बंद केलं. भाजी आणायची झाली तरी गंजगोलाईची भर बाजारपेठ टाळून अर्ध्या गावाला वळसा घालायचे. एका रविवारी खळकाका आले, "शरणार्थ, आप्पा" म्हणून नमस्कार केला, त्यांचा हात धरला आणि थेट गोलाईतल्या भर गर्दीच्या हॉटेलात नेऊन बसवलं. वर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खिसा रिकामा झाला येवढंच कोरटानं म्हटलंय. मानूस रिकामा झाला असं कुठं लिव्हलंय, दावा मला!" आप्पा सांगायचे, की चार टेबलांवरच्या माणसांनी मान वळवून पाहिलं, आणि त्यातल्या एकाने आपला कूलर दुरुस्त करून द्याल का म्हणून विचारलं. तेव्हापासून आप्पा लोकांचे कूलर दुरुस्त करू लागले. काही काळाने न्यायालयाने त्यांना सगळ्या देण्यातून रीतसर मोकळंही केलं.

काकांची फायली ठेवायची तऱ्हा मी एकदा बँकेत जाऊन पाहिली होती. मागच्या खोलीत फळ्यांवर लाल कापडाची गाठोडी रचलेली. त्या कापडाला ते रुमाल म्हणायचे. एका घरातल्या सगळ्या माणसांच्या फायली एका रुमालात, हा त्यांचा नेम. साहेबांनी लाख सांगितलं की खातेक्रमांकाप्रमाणे लावा. काका मान डोलवायचे आणि पुन्हा घराप्रमाणेच बांधायचे. कोर्टात एकमेकांचं डोकं फोडायला निघालेल्या दोन भावांच्या फायलीसुद्धा त्यांच्याकडे एकत्र नांदत होत्या. "भायेर भांडू द्या, रुमालात तर गुण्यागोविंदानं ऱ्हातेत," म्हणायचे. आणि खरंच, कुठलीही फाईल मागा, कपाळाला आठी न पाडता दोन मिनिटांत काढून द्यायचे. मग काका निवृत्त झाले, आणि ती बँकही दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली.

दोन वर्षांनी मी बँकेची परीक्षा पास झाले. हो, बँकेचीच! जिच्या कागदाने आम्हाला घराबाहेर काढलं, त्याच जातीची नोकरी. आई म्हणाली, "देवालाबी चेष्टा करायची लई हौस." नेमणूक नांदेडला मिळाली, अर्थात वेगळ्या बँकेत. घरात पेढे आले, आणि आप्पांनी इतक्या वर्षांनी नवा शर्ट शिवायला टाकला. पत्रात एक अट होती: उमेदवाराच्या नावावर बुडीत कर्ज नसावं, क्रेडिट रिपोर्ट स्वच्छ असल्याशिवाय रुजू करून घेतलं जाणार नाही. मी म्हटलं, त्यात काय! माझं एकच कर्ज होतं आणि ते फिटलंय. ऐटीत रिपोर्ट काढला, आणि पाहते तर काय! घराचं कर्ज: बुडीत. कूलरचं कर्ज: बुडीत, आणि तेसुद्धा माझ्या नावावर. शेरा: कर्जदार नादार. न्यायालयाने आप्पांना मोकळं केलं होतं, आणि या कागदाने मला अडकवून ठेवलं होतं. आप्पांनी तो कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, "माझ्या पायी झालं." शर्ट आणायला ते गेलेच नाहीत.

रुजू व्हायला दोन महिने होते. पहिला महिना ऑनलाइन तक्रारीत गेला. रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीने बँकेला विचारलं, बँकेने संगणकात पाहिलं आणि उत्तर आलं: माहिती तपासली, बरोबर आहे. म्हणजे चोराला विचारायचं चोरी झाली का, आणि तो नाही म्हणाला की फाईल बंद! मी शाखेत गेले. साहेब नवे होते, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात एकच वाक्य: "मॅडम, सिस्टीममध्ये असंच दिसतंय." मी कर्ज फिटल्याचं पत्र दाखवलं. म्हणाले, "हे जुन्या बँकेचं पत्र आहे." मी म्हटलं, "मग कर्जही जुन्या बँकेचंच होतं, ते बरं तुमच्याकडे आलं?" त्यांना राग आला, मलाही आलेलाच होता, आणि शिपायाने मला पाणी आणून दिलं.

तिथून मी तडक खळकाकांकडे गेले. काका ओट्यावर बसून कुणाचातरी विजेच्या बिलाचा अर्ज लिहून देत होते. निवृत्तीनंतर त्यांचा हाच उद्योग: गल्लीतल्या सगळ्यांचे कागद वाचायचे. माझा रिपोर्ट त्यांनी उलटसुलट पाहिला. "ही तर कर्जाची कुंडली झाली. आन् तुझ्या कुंडलीत बापाचा शनि आणून बसिवलाय कुणीतरी." मी रडकुंडीला आले होते, म्हटलं, "काका, सिस्टीममध्ये तसं दिसतंय म्हणतात." काका म्हणाले, "सिस्टीम काय आभाळातनं पडली का? कुणीतरी मानसानंच हातानं घातलंय त्यात. त्यानं कशात बगून घातलं, ते शोधू. चल, उद्या मुरुडला."

विलीनीकरणानंतर जुन्या फायली मुरुडच्या एका गोदामात नेऊन टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगीची चिठ्ठी घेऊन आम्ही एसटीने निघालो. ती चिठ्ठी काकांनी कशी मिळवली ते त्यांनाच ठाऊक. गोदामाचा राखणदार त्यांना पाहून उठून उभा राहिला. आत फायलींचा नुसता डोंगर! धुळीने मी शिंकून शिंकून बेजार, आणि काका मात्र माहेरी आल्यासारखे खुशीत. एकेक रुमाल ओळखत होते: "हे देवणीच्या सोनाराचं घर. हे अहमदपूरचे मास्तर, नवरा-बायको दोघंबी, लई सज्जन." दुपारी डबा खाल्ला, त्यात काकूंनी करंज्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आणि तिसऱ्या प्रहरी आमचा रुमाल सापडला.

आत दोन्ही फायली होत्या, घराची आणि कूलरची. दोन्हींवर मिळून एकच चिठ्ठी बांधलेली, आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने एकच शब्द: नादार. खाली तारीख, विलीनीकरणाच्या वेळची, मार्च महिन्यातली. बघताक्षणी सगळं लख्ख कळलं. संगणकात माहिती भरणाऱ्याने चिठ्ठी पाहिली, रुमाल एकाच कर्जदाराचा समजला, आणि आतल्या दोन्ही कर्जांवर आणि दोन्ही नावांवर तोच शेरा मारून टाकला. त्याने रुमाल सोडलासुद्धा नसेल. सोडला असता तर घराच्या फायलीत वरच कर्ज फिटल्याची नोंद होती. मी आनंदाने ओरडले. काका मात्र त्या चिठ्ठीच्या गाठीकडे बघत राहिले, मग रुमाल पुन्हा तसाच बांधला आणि काखेत मारला.

साहेबांनी फायली पाहिल्या आणि सरळ कबूल केलं की चूक झाली आहे. मला वाटलं, सुटलो! पण कसलं काय. ते म्हणाले, "दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवताना चुकीचं कारण लिहावं लागतं, आणि ती कोणाकडून झाली तेही. जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय वरचे सही करणार नाहीत. चौकशी लावतो, तीन-चार महिने लागतील." माझ्या रुजू व्हायच्या तारखेला तेव्हा उरले होते सोळा दिवस. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की बाहेर पासबुक भरायला आलेली माणसं आत डोकवायला लागली. "म्हणजे चूक आहे हे तुम्हाला मान्य, पण चूक करणारा सापडेपर्यंत मी ती भोगायची?" साहेब कपाळ चोळत म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात नाही हो." त्या माणसाला खरंच वाईट वाटत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता.

काका इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "सायेब, एक कोरा कागद द्या." तिथेच उभ्याने, टेबलाच्या कडेवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं. "मी या शाखेचा माजी दफ्तरी. मार्च महिन्यात फायली पाठवताना मी दोन वेगळ्या कर्जांच्या फायली एका रुमालात बांधल्या व वर एकच चिठ्ठी लावली. त्यामुळे पुढची चूक झाली. ती चूक माझी आहे. मुलीचा काही दोष नाही." खाली सही, आणि पेन्शनचा नंबर. साहेबांनी वाचलं, वर पाहिलं. "तुम्हीच बांधला होता का हा रुमाल?" काका म्हणाले, "या बँकेत घरावारी रुमाल बांधायची खोड दुसऱ्या कुणाला हाय? कुनालाबी इचारा." साहेबांनी घंटी वाजवून जुन्या बँकेतल्या बडेबाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, बोलावलं. बडेबाबूंनी काकांकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गाठ तर यांच्याच पद्धतीची आहे." संपलं. त्याच संध्याकाळी प्रस्ताव वर गेला.

घरी जाताना मी काकांवर जराशी रुसलेच होते, खोटं कशाला सांगू. मनात येत होतं, साहेबांनी लाख वेळा सांगितलं होतं की वेगवेगळ्या बांधा. ऐकलं असतं तर माझे हे हाल झाले नसते. मी बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "खरं हाय, अक्का. चुकलंच." आणि मला बसथांब्यावर उसाचा रस पाजला. नंतर कळलं की बँकेने त्यांना पत्र पाठवून समज दिली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाला एकही मेमो मिळाला नव्हता, त्याला निवृत्तीनंतर तो मिळाला. काकूंनी ते पत्र देवघरात ठेवलं आणि महिनाभर काकांशी त्या धड बोलल्या नाहीत.

रुजू व्हायच्या तीन दिवस आधी नवा रिपोर्ट आला. घराचं कर्ज: पूर्ण फिटलेलं. कूलरचं कर्ज माझ्या नावावरून गायब. शेरा काही नाही. मी तो कागद आप्पांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि तडक उठून शिंप्याकडे शर्ट आणायला गेले. नांदेडच्या बसमध्ये मला बसवायला तोच शर्ट घालून आले होते. खळकाकाही आले होते. खिडकीतून माझ्या हातात एक पुडी दिली, प्रसादाची असेल म्हणून उघडली, तर आत शंभराची नोट. "पैला पगार व्हईपतोर च्या-पान्याला," म्हणाले.

नांदेडला काकांची मुलगी दिलेली होती, त्यामुळे पुढे ते दिवाळीनंतर महिनाभर तिच्याकडे येऊन राहायचे आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला करायला माझ्या शाखेत यायचे. पेन्शनरांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. "मेल्यावरबी लेकाचे इतके कागद मागत न्हाईत," असं दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी स्वतःच हसायचे. दाखला मी मोबाइलवर करून द्यायची. तिसऱ्या वर्षी त्यांचा नंबर काही केल्या जुळेना, म्हणून मी त्यांच्या पेन्शनचा मूळ कागद मागितला. नंबर टिपता टिपता माझी नजर वरच्या ओळीवर गेली. निवृत्तीची तारीख: एकतीस डिसेंबर. आमच्या रुमालावरच्या चिठ्ठीतल्या मार्चच्या आधीचा डिसेंबर.

मी दोनदा बोटांवर महिने मोजले. "काका," म्हटलं, "मार्चमध्ये तुम्ही नोकरीत नव्हताच." काका खिडकीबाहेर बघायला लागले. "काका, तो रुमाल तुम्ही बांधलाच नव्हता!" मग म्हणाले, "हळू बोल, अक्का. बँक हाय." "मग कोणी बांधला?" "बांधला एकानं. माझ्या मागं त्या जागेवर आलता. त्याची नोकरी अजून कायम झाली न्हवती, घरी पाच जणं खाणारी. त्याचं नाव सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. न्हाई सांगितलं तर तुझी गेली असती. मला काय, माझी तर होऊन गेलती." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. "मी तुमच्यावर रुसले होते तेव्हा तरी सांगायचं!" तर म्हणाले, "चूक माझीच व्हती की. घरावारी बांधायला त्याला शिकिवलं कुणी? म्याच!" आणि बोट पुढे केलं. "घे, अंगठा घे बिगीनं. न्हाईतर सरकार मला मेलेला समजायचं."

मागच्या वर्षी माझ्या टेबलापुढे एक नर्सबाई येऊन बसल्या. नवऱ्याच्या जोडीने घेतलेलं घराचं कर्ज त्यांनी एकटीने फेडलेलं, पण नवऱ्याचं दुसरं बुडालेलं कर्ज त्यांच्या नावावर चढलेलं. त्यांना स्वतःच्या नावावर दोन खोल्या घ्यायच्या होत्या आणि कुणी कर्ज देईना. चूक आमच्याच शाखेची होती. प्रस्ताव बनवला, पण कारणाच्या रकान्यापाशी सगळं अडलं. ती नोंद करणारे बदलून गेलेले, कोणी जबाबदारी घेईना, आणि त्या बाई रोज ड्युटी संपवून येऊन बाकावर बसत. पाचव्या दिवशी मी त्या रकान्यात लिहिलं, "नोंद तपासताना माझ्याकडून चूक झाली," आणि खाली सही ठोकली. बाईंचा रिपोर्ट दुरुस्त झाला. मला मेमो मिळाला.

काका तेव्हा देवणीजवळच्या आपल्या गावी होते, तब्येत बरी नव्हती. त्यानंतर महिन्याभरातच ते गेले, त्यामुळे तो आमचा शेवटचा फोन. मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं, मेमो वाचूनही दाखवला. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून येणार. आणि एकदम असे ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला: "येडी हायस का गं, अक्का? नोकरीत असताना असलं करत्यात व्हय? आदी रिटायर व्हायचं, मंग चुका करायच्या!" मी हसत सुटले. ते दमले होते, खोकत होते. मग श्वास सावरला तसा हळू आवाजात विचारलं, "त्या बाईचं काम झालं का?"

"झालं, काका."

"मंग कशाला फोन केलीस," म्हणाले आणि ठेवून दिला.